रंगोबा मुंगूस आणि सीलबंद मलम

मुलांनो, मंगळाच्या उजव्या हाताला वळलं की एक जंगल लागतं. ते अधांतरी तरंगतं. तिथली झाडं वरही वाढतात आणि खालीही. तिथे सिंहमहाराजांचं राज्य आहे, आणि तिथे डरकाळीसुद्धा तीन प्रतींत द्यावी लागते.

त्या जंगलात रंगोबा नावाचा एक मुंगूस हवालदार होता. अंतराळातून सरकारी माल पोचवायचा, हे त्याचं काम. एकवीस खेपा झाल्या, पण एकाही खोक्याला ओरखडा नाही. याचा त्याला फार अभिमान.

एकदा खबर आली, की दूरच्या चंद्रावर माकडांच्या वसाहतीत खाज पसरली आहे. माकडं दोन्ही हातांनी खाजवायची आणि फांदीवरून धपाधप खाली पडायची. तान्ही पिल्लं तर आईच्या पोटाला धरूनच राहीनात.

वैद्य अस्वलाने मलम घोटलं. खोकं भरलं, लाखेने सीलबंद झालं.

महाराज म्हणाले, "रंगोबा, जीव गेला तरी चालेल, सील तुटता कामा नये."

"जी महाराज!" रंगोबाने टाच आपटली.

वाटेत तरसांचा पट्टा होता. तरसं उल्कांच्या आड दबा धरून येणारीजाणारी यानं लुटत. त्यांनी रंगोबाच्या यानाला आकडा टाकला, दार फोडलं आणि सात जणं आत घुसली. पुढे त्यांची नायकीण भिंगरीबाई, पाठीवर बछडं.

रंगोबा टुणकन खोक्यावर चढला. किरणांची बंदूक रोखून ओरडला, "एक पाऊल पुढे टाकून तर बघा!"

पण पाऊल कुणी टाकेचना. सातही जणं खाजवत होती. एकाची बंदूक खाजवता खाजवता हातातून पडली. भिंगरीबाई दाराच्या चौकटीला पाठ घासत म्हणाली, "हवालदार, जरा थांबा हं. एवढं झालं की लुटते."

रंगोबाने सात नेम धरले. अगदी सोपे होते. तेवढ्यात पाठीवरचं बछडं निसटून खाली पडलं आणि भोकाड पसरून रडू लागलं. खाजवून खाजवून त्याचे कान लालभडक झाले होते.

रंगोबाने बंदूक खाली केली. एकवीस खेपांत असं कधी घडलं नव्हतं. त्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा बछड्याकडे. मग डोळे घट्ट मिटले आणि नखाने सील फोडलं.

मलम लागताच तरसांची खाज थांबली. बछडं झोपलं.

"भाऊ," भिंगरीबाई झोपलेलं बछडं पाठीवर घेत म्हणाली, "आता तुमच्या मालाला कोण हात लावतो तेच बघते."

तरसांनी स्वतः पहारा देत रंगोबाला चंद्रावर पोचवलं.

तिथे माल घेण्याच्या खिडकीत सरोजिनीबाई घोरपड बसल्या होत्या. त्यांनी खोकं उलटंपालटं केलं.

"सील फुटलंय. घेता येणार नाही."

"बाई, पण आत मलम आहे!"

"मलम असेल. माल नाही. सील असेल तर माल. परत न्या, नवीन सील करून आणा. आठ महिने लागतील."

मागे धप्प, धप्प माकडं पडतच होती. रंगोबाने शेपटी झटकली.

"बाई, आणि समजा, हे खोकं इथून लुटलं गेलं तर?"

"लुटीच्या मालाशी या खिडकीचा काही संबंध नाही."

रंगोबाने बंदूक जमिनीवर ठेवली. मागे वळून म्हणाला, "भिंगरीताई, लुटा."

तरसांनी आरोळी ठोकून खोकं लुटलं. मग माकडांना रांगेत उभं केलं आणि बोटबोट मलम लावलं. तान्ह्यांना आधी. संध्याकाळपर्यंत अख्खी वसाहत शेपटीने लटकून झोके घेत होती.

महाराजांकडे अहवाल गेला. लूट चालू असतानाही खिडकी सोडली नाही म्हणून सरोजिनीबाईंना शौर्यपदक मिळालं. रंगोबाची नोकरी गेली.

त्या दिवशी रंगोबा माकडांच्या पंगतीत बसला, शिकरण चारदा मागून घेतलं, आणि तरसांच्या यानात पाय ताणून घोरू लागला.

तात्पर्य: मुलांनो, सरकारी माल प्राणपणाने जपावा, आणि तो कुणाच्या उपयोगी पडावा असं वाटलं, तर ताबडतोब लुटारूंच्या हवाली करावा.