नावावरची पावलं

रामकिसनराव मूळचे केदारखेड्याचे, नोकरी नवीन जालन्यात, एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात. चाळिशी उलटली तशी पँट कमरेला बसेना, म्हणून त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला: फोनवर पावलं मोजणारं ॲप टाकायचं. (चालायचं, असा निर्णय नव्हता, हे ध्यानात ठेवा.)

आणि काय चमत्कार! 'पहाट फेरी मंडळा'तल्या सगळ्यांची पावलं त्या ॲपवर दिसायची, त्यात रामकिसनराव पहिले. एखादा दिवस नव्हे, वर्षभर! मेहनत म्हणाल तर सकाळी मैदानाला एक चक्कर, टपरीवर दोन कप चहा, की घरी. ऑफिसचा फोन वेगळा, त्यामुळे हा जुना फोन दिवसभर घरीच असायचा आणि बायको, कौसल्याबाई, त्यावर भजनं ऐकायची. संध्याकाळी आकडा बघून रामकिसनराव तव्यावरच्या भाकरीसारखे फुगायचे.

"बघ कौसल्या! रक्तातच हाये आमच्या. माझा आजा भोकरदनच्या बाजाराला पायी जायचा."

"मंग माझे पाय कामून दुखून राह्यले?" कौसल्याबाई पोटऱ्या चेपत विचारायची.

"तू चालत न्हाईस ना, म्हणून."

मंडळानं ठरवलं, रामकिसनरावांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो, सगळं बराबर. रामकिसनरावांनी पहिला फोन लावला तो परतूरच्या मेहुण्याला. हा बबलू लग्नापासून त्यांना 'बैठे दाजी' म्हणून चिडवायचा. "रविवारी ये," रामकिसनराव म्हणाले, "अन् डोळे उघडे ठेवून ये!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात ॲपनं दगा दिला. पडद्यावर अक्षरं आली: 'तुमचा फोन जुना झाला आहे. हे ॲप यापुढे त्यावर चालणार नाही.' रामकिसनरावांनी फोन बंद केला, चालू केला, बनियनला पुसला, देवापुढेसुद्धा ठेवला. ॲप गेलं ते गेलंच. जेवण गोड लागेना. शेवटी ते उठले. "खर्चा झाला तर झाला, बबलूसमोर इज्जत जायला न्हाई पाहिजे!"

नवा फोन आला, त्यावर ॲप आलं, मागचे आकडेही आले. जीव भांड्यात पडला. आता हा फोन ते झोपेतही खिशाबाहेर काढेनात.

"भजन लावू का जरा?" कौसल्याबाईनं विचारलं.

"हात लावू नको! हळदीचे डाग पडतेत."

पण संध्याकाळी आकडा बघितला, तर एवढासा! दुसऱ्या दिवशी तेवढाच. तिसऱ्या दिवशी ते गिरिधररावांच्याही खाली गेले. गिरिधरराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, गुडघ्याचं ऑपरेशन करून काठीवर चालणारे! रामकिसनराव तडक दुकानात. "हा फोन पावलं खाऊन राह्यला!" दुकानदारानं फोन खिशात टाकला, दारापर्यंत जाऊन आला आणि आकडा दाखवला. बिलकुल बराबर. "फोन ठीक आहे, साहेब. एकदा तुम्ही चालून बघा ना."

रविवार उजाडला. बबलू पहिल्या रांगेत, कौसल्याबाईशेजारी. शाल हातात घेऊन गिरिधररावांनी विचारलं, "रामकिसनराव, वर्षभर पहिला नंबर आणि या आठवड्यात शेवटचा. असं कसं झालं?"

"फोनचा दोष, साहेब. जुना बराबर मोजायचा. हा तर मी घडीभर अंगावेगळा करत न्हाई, तरी ही गत!"

"आणि जुना कुठं असायचा?"

"माझ्या गाऊनच्या खिशात की," कौसल्याबाई भोळेपणानं म्हणाली. "पाणी भरायला, वाळवणाला, दळणाला, किराण्याला. भजन बी चालू अन् मी बी चालू."

सगळ्यांच्या माना कौसल्याबाईकडे वळल्या. मग पहिल्यांदा बबलूला हसू फुटलं आणि पाठोपाठ अख्ख्या मंडळाला.

"पण ॲप माझ्या नावावर हाये!" रामकिसनराव ओरडले. "सातबारा ज्याच्या नावावर, पीक त्याचं. साधा हिशेब हाये!"

"दाजी," बबलू डोळे पुसत म्हणाला, "सातबाऱ्याला घाम येत न्हाई."

गिरिधररावांच्या पत्नीनं, अरुंधतीबाईंनी, ती शाल कौसल्याबाईच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. कौसल्याबाई लाजली आणि तिचे डोळे भरून आले. आतापर्यंत कुठं तोंड लपवावं म्हणून बघणारे रामकिसनराव ते बघत राहिले, आणि काय झालं कोण जाणे, त्यांची छाती आपोआप फुगली. टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच. "बायको कोणाची हाये!" शेजारच्याला कोपर मारून त्यांनी सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना त्यांनी गुपचूप नवा फोन कौसल्याबाईच्या गाऊनच्या खिशात सरकवला. (हळदीचे डाग पडले तर पडले!) संध्याकाळी बघितलं, तर पहिला नंबर. त्यांनी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'परत पहिला!'

गिरिधररावांचं उत्तर ताबडतोब आलं.

'अभिनंदन, वहिनी.'