ढेकळाने दिव्य केले त्याची हकीकत

॥ श्री ॥ आधी भूमातेस दंडवत, मग सरकारास मुजरा, आणि वाचणारांस विनंती की हसू आले तरी आवरावे, कारण यातील मंडळींचे वंशज अद्याप हयात असोन तापट आहेत. शके सतराशे अमुक, कर्दमनाम संवत्सरे. जोशी म्हणाले, या नावाचा संवत्सरच नाही. नसो. चिखल होता तो आम्ही डोळां पाहिला.

ते समयी एक राज्य होते, आणि राज्यात विसाजीपंत कारभारी यांची टापटीप मोठी. पंतांनी आपले उतारावरील शेत वारंवार नांगरावे, धसकटे पाल्यासकट जाळावीत, आणि कुळवून कुळवून मातीचे पीठ करावे, आणि शेण म्हणताच नाकास उपरणे लावावे. खालचे बांधास लागोन सरकारांच्या आत्या बयाजाआऊसाहेब यांचे इनामी शेत, थोरल्या भावाने चोळीबांगडीस दिलेले. तेथे पाला पडला तो पडला, धसकटे जागीच कुजत, शेणखत यथेच्छ आणि नांगर बेताचा. पंत पाहोन म्हणत, "शिव शिव, हे शेत की उकिरडा!" आणि आऊसाहेब बांधावरून ओरडत, "तुझ्या शेतात गांडूळसुद्धा उपाशी मरतंय, मेल्या!"

मग पाऊस लागला, आणि पंतांचे मातीवर पापडी धरली, आणि पाणी मुरेना, मग वरची माती घेऊन ते लोंढ्याने उतरले आणि माती आऊसाहेबांचे बांधात टाकोन गेले. दरसाल ऐसेच होत गेले. पंतांचे शेत झिजत चालले आणि आऊसाहेबांचे चढत चालले. मग पंतांनी दरबारी फिर्याद केली की, "आत्यासाहेबांचे शेताने आमची माती चोरिली. भरपाई म्हणोन ते शेत आम्हांस द्यावे." सरकार पेचात पडले. एकीकडे कारभारी, दुसरीकडे आत्या, आणि आत्यांनी लहानपणी सरकारांचे कान पिळलेले. आऊसाहेब भर दरबारात गरजल्या, "अरे, त्याची माती आपल्या पायांनी पळून येते, त्याला मी काय करू? माझ्या मातीला शेणापाल्याचा चिकटा आहे, मुळ्यांनी धरून ठेवलंय तिला, ती घर सोडत नाही. यानं सगळं जाळून तिला पोरकी केली!" पंत हसोन बोलले, "पुरावा?" आऊसाहेब म्हणाल्या, "दिव्य होऊ दे. ढेकळांनीच करावं. टिकेल ते खरं!"

पंतांस आनंद मावेना. त्यांचे ढेकूळ आश्विनाचे उन्हात वाळोन दगड जाहले होते, आणि आऊसाहेबांचे काळे, हलके, भोकाभोकांचे. पंत म्हणाले, "अग्निदिव्य असावे." आपले ढेकूळ भाजले तर वीटच होणार, हे ते जाणोन होते. आऊसाहेबांचा चेहरा उतरला. भावाची आठवण म्हणोन तेवढेच शेत उरलेले, त्यांनी पदर डोळ्यांस लाविला, पण शब्द मागे घेतला नाही. मग रंगभट उपाध्ये पोथी घेऊन उठले आणि म्हणाले, "दिव्य करणाराने आदले दिवशी स्नान करोन पहाऱ्यात राहावे, ऐसा विधी आहे. ढेकूळ जाहले म्हणोन काय पारोसे विस्तवात घालावे?" पंत तर स्वच्छतेचे भोक्ते. म्हणाले, "अवश्य! आमचे ढेकूळ मनसोक्त नाहू द्या. सकाळपर्यंत पाण्यातच ठेवा!" मग दोन घंगाळी भरली, आणि दोन ढेकळे मंत्र म्हणोन आत सोडिली, आणि झाकणांवर लाखेच्या मोहोरा करोन भालेकरी चौकीस बसविले.

सकाळी शेगडी फुलली, दरबार भरला, आणि मोहोरा फोडिल्या. आऊसाहेबांचे ढेकूळ जैसेचे तैसे बसलेले, आणि त्यातोन एका गांडुळाने डोके काढोन सरकारांकडे पाहिले. पंतांचे घंगाळात ढेकूळच नाही. रंगभटांनी कोपरापर्यंत हात घालोन चाचपिले तो बोटांस निव्वळ गाळ लागला. पंत किंचाळले, "चोरी! येथेही चोरी!" सरकारांनी मोहोर उलटसुलट पाहिली, भालेकऱ्यांस शपथ घातली, आणि मग हसू दाबोन म्हणाले, "पंत, झाकण, लाख आणि भाले इतक्यांतोन जे ढेकूळ पसार जाहले, ते उघड्या उतारावरोन पळणार नाही काय? आत्यांनी काही नेले नाही. तुमची मातीच फितूर! आणि दिव्याआधी पळाला तो हरला." शेत आऊसाहेबांकडेच राहिले. शेगडी वाया जाऊ नये म्हणोन रंगभटांनी आऊसाहेबांचे शेतातील मक्याची कणसे भाजली.

पंतांस हुकूम जाहला की, आपले ढेकूळ पाण्यात शाबूत राहीपर्यंत कारभार बंद, आणि आऊसाहेबांचे गोठ्यातील शेणखत स्वतःचे डोईवर वाहावे. पंतांनी पहिले वर्ष उपरणे नाकास बांधोन काढिले, मग उपरण्यातच पाला गोळा करू लागले. नांगर कमी केला, जाळणे सोडिले. काही वर्षांनी स्वतः घंगाळ घेऊन दरबारी आले. आत ढेकूळ शाबूत. सरकारांनी कारभाराची वस्त्रे पुढे केली, तो पंत म्हणाले, "सरकार, ती दुसऱ्यास द्या. माझे शेतात गांडुळे आली आहेत," आणि घंगाळ उराशी धरिले. दरबार गहिवरला. इतक्यात आऊसाहेब तणतणत आत शिरल्या आणि म्हणाल्या, "माझी फिर्याद लिहून घ्या! यंदा याच्या शेतातून चिमूटभर माती आली नाही. विसाजी माझी माती अडवून बसलाय!"

येणेप्रमाणे ढेकळाचे वर्तमान. दोन्ही शेतांची माती आपापले ठिकाणी सुखरूप आहे, फिर्याद अद्याप पडोन आहे, आणि कणसे गोड होती.