तपासणीवेळी घर अधांतरी आढळले

घर म्हणजे काय, हा प्रश्न जोतिबा हलगेकर यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता, कारण तोपर्यंत ते भाड्याने राहत होते. बेळगावातल्या एका फाउंड्रीत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली, शेवटची चौदा फोरमन म्हणून, आणि तेवढ्या काळात नऊ बिऱ्हाडे बदलली. नवव्या घरमालकाने दिवाळीपर्यंत जागा मोकळी करण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या पत्नी रुक्माबाई यांनी आयुष्यातली एकमेव मागणी नोंदवली.

"धावं बिऱ्हाड मी करणार न्हाय. आता जिथं जाईन, तिथनं मला कुणी ऊठ म्हणता कामा नये."

खानापूर तालुक्यात, गुंजीच्या अलीकडे, मूळ गावच्या गावठाणात जोतिबांची तीन गुंठे जागा होती. तिथे चिऱ्याचे घर बांधायचे, तर चिरा मिळाला की गवंडी मिळत नसे, गवंडी मिळाला की वाळू बंद असे, आणि वाळू आली की गवंड्याच्या पाहुण्यांत लग्न निघे. दिवाळी मात्र ठरल्या तारखेला येणार होती. जोतिबांनी सर्व पर्यायांचे कोष्टक मांडले आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली. जहाजातून माल नेणारा, चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद लोखंडी कंटेनर. बारा वर्षे समुद्रात राहून ज्याच्यात पाण्याचा थेंब शिरला नाही, त्याला खानापूरचा पाऊस काय करणार?

मुंबईच्या बंदरातून निघालेला कंटेनर निपाणीजवळचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडून गावात आला, तेव्हा शेजारचे भावकू गावडे दात घासत उभे होते. त्यांनी ब्रश तोंडातून काढला नाही.

"जोत्या, ह्यात काय आलंय रं?"

"काय न्हाय. आमीच ऱ्हाणार ह्यात."

"डब्यात?"

"डबा नव्हं. घर हाय ते."

"मग झाकण कुठल्या बाजूनं उघडायचं?" भावकूंनी विचारले आणि चूळ भरायला निघून गेले.

कंटेनरच्या दोन्ही अंगांवर पुरुषभर उंचीची परदेशी अक्षरे होती. या भागात भिंतीवर कोणत्या भाषेत काय लिहावे, हा विषय नाजूक आहे. एका बाजूची मंडळी पाहून गेली, दुसऱ्या बाजूचीही पाहून गेली. ती अक्षरे कोणालाच वाचता येत नसल्यामुळे कोणाच्याच भावना दुखावल्या नाहीत. गावात एकमताने संमत झालेला तो पहिला फलक ठरला.

जोतिबांनी दगडी खांबांवर डबा पाणसळ लावून समतल बसवला, खिडक्या कापल्या, वरून पत्र्याचे दुहेरी छप्पर केले, आतून लाकडी फळ्या मारल्या. रुक्माबाईंनी आत पाऊल टाकून हळूच विचारले, "हितं खिळा मारायला कुणाला इचारायचं?" "कुणाला न्हाय," जोतिबा म्हणाले. त्या दिवशी रुक्माबाईंनी अकरा खिळे मारले. त्यातले सात विनाकारण होते.

आता राहिला होता फक्त घर नंबर. नंबरावाचून उतारा नाही, उताऱ्यावाचून विजेचा मीटर नाही, आणि दोन्हींवाचून 'ऊठ' म्हणणाऱ्याला दाखवायला हातात कागद नाही. पंचायतीचे विकास अधिकारी अरिहंत चौगुले हे निपाणीकडचे, शांत, सुशिक्षित आणि दोन्ही भाषांत सारखेच नम्र गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म पुढे केला. पाया: दगडी की काँक्रीट. भिंत: वीट, चिरा की माती. छत: कौल, पत्रा की स्लॅब.

"लोखंडी भिंतीला रकाना नाही, अण्णा."

"मग 'इतर' लिवा की."

"'इतर'लाही रकाना नाही. पण मी स्वतः येऊन बघतो. घर जागचं हलत नाही एवढं पटलं की झालं. जे जमिनीला धरून असतं त्याला आम्ही घर म्हणतो. गुरुवारी येतो."

माणूस सज्जन निघाला, या आनंदात जोतिबा घरी परतले. तिथे भावकू आणि गावातली चार जाणती माणसे वास्तुशांतीचा मुहूर्त काढून बसली होती. मुहूर्त गुरुवारचाच होता. फक्त एक अडचण होती. डब्याचे दार दक्षिणेला होते.

"दक्षिणेच्या दारातनं आत जाऊन गावातला एक माणूस जेवायचा न्हाय," भावकूंनी निर्णय दिला.

"पूर्वेला नवं दार कापतो. अर्ध्या दिसाचं काम."

"कापलं ते भोक, जोत्या. दार म्हंजे जे कारखान्यातनं संगं आलंय ते. माणसाचं तोंड कापून दुसरीकडं करतोस व्हय?"

जोतिबांनी तांत्रिक शिक्षणाच्या आधारे युक्तिवाद केला. दिशांचा लोखंडावर होणारा परिणाम त्यांनी होकायंत्र आणून समजावला. रुक्माबाई इतकेच म्हणाल्या, "गाव जेवला न्हाय तर ते घर कसलं?" वादात हरल्यावर तांत्रिक माणूस अंमलबजावणीकडे वळतो. जोतिबांनी पूर्व-पश्चिम दिशेने नवे खांब उभे केले आणि गुरुवारी सकाळी खानापूरहून क्रेन मागवली.

काम पंधरा मिनिटांचे होते. त्यातले नववे मिनिट चालू असताना अरिहंत चौगुले यांची मोटरसायकल अंगणात आली. घर दोरांवर लोंबकळत सावकाश पूर्वेकडे वळत होते. खाली रुक्माबाई नारळ घेऊन उभ्या होत्या, भटजी मंत्र म्हणत होते, आणि सगळा गाव, जेवणाच्या आशेने, पानाआधी प्रेक्षक झाला होता.

"अण्णा, घर कुठं निघालं?"

"कुठं न्हाय, साहेब. जरा पूर्वेकडं."

अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे टेप काढला. पंचनाम्यात नोंद झाली: 'तपासणीवेळी सदर घर जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर आढळले. दिशा बदलत होती.' खाली पंच म्हणून भावकूंनी सही केली, कारण खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. मग गाव पूर्वेच्या दाराने आत गेला आणि पोटभर जेवून 'घर झकास हाय' म्हणत बाहेर पडला.

पंचायतीच्या दृष्टीने आता ते घर उरले नव्हते. जे हलते ते वाहन, म्हणून कागद वाहतूक खात्याकडे गेले. त्यांनी चाके विचारली. चाके नाहीत, म्हणजे माल, असे लिहून त्यांनी कागद कर खात्याकडे पाठवले. तिथल्या कारकुनाने संगणकात पाहिले. नाक्यावरून हा कंटेनर राज्यात आल्याची नोंद होती, मुक्कामाला पोहोचल्याची नव्हती.

"तुमचा माल अजून वाटेत आहे," तो म्हणाला.

"माल न्हाय, घर हाय. माझी बायको त्यात भाकऱ्या करायलीय."

"मग वाटेत करतायत. पोहोच द्यायची तर मुक्कामाचा पत्ता लागतो. घर नंबर काय?"

"तो मिळावा म्हणून तर हितं आलोय."

"नंबर आणा, पोहोच घ्या. पोहोच दाखवा, नंबर घ्या." कारकुनाने हे इतक्या स्वच्छ आवाजात सांगितले की जोतिबांना क्षणभर त्यात काही चूक सापडेना. त्याने उपकार म्हणून एक फॉर्म मात्र भरून घेतला. आतील मालाचे वर्णन: पती एक, पत्नी एक. एकूण नग दोन. नाजूक: होय.

दिवाळीला नऊ दिवस उरले, तेव्हा जोतिबा अरिहंतांच्या टेबलासमोर जाऊन बसले ते उठेनात.

"साहेब, घरात काय कमी हाय ते तरी सांगा."

"घरात काही कमी नाही, अण्णा. आमच्या ऑफिसपेक्षा चांगलं आहे, हे तर तीन बाजूंनी गळतंय. कमी फॉर्मात आहे. दगडी पाया, चिऱ्याच्या चार भिंती, वर कौलं. एवढं दाखवा, मी उभ्या उभ्या नंबर देतो."

"केवढं पायजे?"

अरिहंतांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "माप विचारलेलं नाही."

जोतिबांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो त्यांच्या प्रशिक्षणाला शोभणारा होता. "आणि दार?"

"दाराला रकाना नाही."

पाच दिवसांत डब्याच्या अंगणात एक वास्तू उभी राहिली. लांबी चार फूट, रुंदी तीन, उंची सहा. दगडी पाया, चिऱ्याच्या चार भिंती, वर बावीस कौले. दार नव्हते, कारण आत जायचे कोणालाच नव्हते. अरिहंत आले. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिले, ढकलून पाहिले. घर हलले नाही. नंबर मिळाला, उतारा झाला, बाहेरच्या भिंतीवर मीटर बसला. रुक्माबाईंना चार फुटी घरापुढे उभे करून फोटो काढण्यात आला.

"मावशी, नियमाप्रमाणे विचारावं लागतं. तुम्ही याच घरात राहता ना?"

रुक्माबाईंनी बिनदाराच्या भिंतीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. नऊ बिऱ्हाडांत त्या घरमालकांशी कधी खोटे बोलल्या नव्हत्या.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "लई ऐसपैस हाय."

उतारा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि डब्यात जाऊन पेटीच्या तळाशी ठेवला. आता त्यांना कोणी 'ऊठ' म्हणू शकत नव्हते, कारण सरकारी दप्तराप्रमाणे त्या जिथे बसल्या होत्या तिथे त्या नव्हत्याच.

चहा घेताना जोतिबांनी सहज विचारले, "साहेब, तुमी कुठं ऱ्हाता?"

"निपाणीत. फ्लॅट आहे. तिसरा मजला, उजेड चांगला येतो."

"बिल्डिंगला मंजुरी किती मजल्यांची हाय?"

अरिहंतांनी कप बशीत ठेवला. "दोन," ते म्हणाले, आणि नम्रपणे हसले.

वाचकांनाही हसण्यास पूर्ण मुभा आहे. मात्र तत्पूर्वी त्यांनी आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा काढावा, हे वाचताना आपण ज्या खोलीत बसलो आहोत ती त्यावर शोधावी, आणि सापडली नाही तर आवाज बेताने ठेवावा.