तिसऱ्या खोलीचा पहारेकरी उंदीर

आरोग्य ही इतकी गंभीर बाब आहे की ती निरोगी प्राण्यांच्या हाती सोडून चालत नाही. म्हणूनच जपानमधल्या आमच्या प्रयोगशाळेच्या उंदीरघरात दर खोलीला एक पहारेकरी उंदीर नेमलेला असतो. इतरांच्या पिंजऱ्यातला घाण भुसा त्याच्या अंथरुणात टाकतात आणि तीन महिन्यांनी त्याला मारून तपासतात. विषाणू सापडला नाही, तर तो ठणठणीत होता असा दाखला मिळतो (दाखला घ्यायला तो नसतो, एवढीच उणीव).

यंदा जूनमध्ये तिसऱ्या खोलीच्या पहारेकऱ्यात यकृताचा विषाणू निघाला. नियम सरळ आहे. खोलीतले आठशे बारा उंदीर तीन दिवसांत मारायचे.

अकरा वर्षं त्यांचं दाणापाणी करणाऱ्या निशिवाकीबाई संचालक हाताकेयामांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, पुन्हा एकदा तपासा हो. कसे टुणटुण उड्या मारतायत, बघा तरी!"

"बाई, लक्षण न दिसणं हेच याचं लक्षण."

"मग मलापण झालाय म्हणा की!"

(बाईंचा नमुना त्याच दिवशी घेण्यात आला. अहवाल प्रलंबित आहे.)

साहेब मोठ्या मनाचे. फेरतपासणीला त्यांची हरकत नव्हतीच; फक्त अर्जावर चौदा जणांचे शिक्के लागतात. उंदीर मारायला एक पुरतो.

अर्ज फिरला. खरेदी विभागाचा शिक्का उलटा बसला, म्हणून नवा अर्ज करावा लागला. सुरक्षा विभागाच्या कुसाकाबेंना आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे अदबीने झुकलेला हवा होता. तो कोन साधण्यात अर्धा दिवस गेला. बाई प्रत्येक टेबलापाशी कमरेत वाकून उभ्या राहायच्या. विरोध मात्र एकानेही केला नाही. इतका एकमुखी पाठिंबा मिळालेला अर्ज मी इथल्या कार्यालयात वीस वर्षांत पाहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे खोली रिकामी झाली. बाई पिंजऱ्यांपाशी ढसाढसा रडल्या. नवव्या दिवशी चौदावा शिक्का पडला आणि जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला. पहिल्या तपासणीत नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पहारेकऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. अर्ज मंजूर झाल्याबद्दल बाईंचं अभिनंदन करणारं पत्र मीच लिहिलं.

दीड दिवस तो अर्ज माझ्याही टेबलावर होता. मी काही दुष्ट नाही हो! डब्यातला भाताचा गोळा, आमची ओनिगिरी, खाऊन आलो की बघू म्हटलं, तर बैठक लागली. तुम्ही असतात तर हातातला घास टाकून शिक्का मारला असतात, हे मला मान्यच आहे. पण मग तुमच्या टेबलावर, त्या ढिगात खालून दुसरा कागद आहे ना, तो कोणाचा?