भाऊंचं बीपी आणि माझं मशीन

माणसाकडे नुसतं बघून त्याला बीपी आहे की नाही, हे मी सांगू शकतो. निदान गेल्या होळीपर्यंत सांगू शकत होतो! पुढे आलेलं पोट, लाल नाक, चढा आवाज, की समजायचं. या हिशोबाने आमच्या घरात पहिला नंबर माझ्या वडिलांचा, म्हणजे भाऊंचा. भाऊ बातम्या बघत नाहीत, बातम्या देणाऱ्याशी भांडतात. शेवटचा नंबर माझ्या बायकोचा. संचिता अंगाने बारीक, आणि आवाज असा की फोनवर समोरचा नुसता 'हॅलो, हॅलो' करत राहतो. तिला कसलं आलंय बीपी!

तर भाऊंचा बेत होता शिमग्याला गावी जाऊन पालखीला खांदा देण्याचा. आमचं गाव संगमेश्वराकडे, पालखीची वाट चढणीची आणि भाऊ सत्तरीच्या पुढचे.

"भाऊ, आधी बीपी बघू. नॉर्मल आलं तरच जायचं," मी जाहीर केलं.

"अरे, देव बोलावतोय मला, आणि तू मशीन दाखवतोस?"

मी ऐकतोय कुठला! डोंबिवली स्टेशनसमोरच्या दुकानातून मशीन आणलंच. भाऊ नुकतेच टीव्हीशी भांडून उठले होते. एका हातात चहाचा कप होता, म्हणून दुसऱ्या हाताला पूर्ण बाहीच्या शर्टावरूनच पट्टा गुंडाळला. एकशे बहात्तर!

"पालखी रद्द!"

"मुकल्या, बाप आहे मी तुझा!" भाऊ गरजले. तेवढ्यात पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी!

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं मीठ बंद. लोणचं, पापड, सुकट, कशालाही हात लावायचा नाही. अळणी जेवून भाऊ चिडत, चिडले की मी मोजत असे, मोजलं की आकडा वाढलेला असे, आणि तो बघून भाऊ आणखी चिडत.

बातमी इमारतीभर झाली. तळमजल्यावरच्या कलावतीकाकू चार मजले चढून धापा टाकत आल्या. दारातच पट्टा बांधला. हाय! दुसऱ्या मजल्यावरचा विनीत पार्किंगवरून भांडून थेट वर आलेला. तोही हाय! मग रोज संध्याकाळी आमच्या दारात शेअर रिक्षासारखी रांग. आल्यागेल्याला चहाशिवाय सोडायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे मोजण्याआधी चहा, मोजताना गप्पा आणि मोजल्यावर रडारड! आत ओट्याशी संचिता, बाहेर मी. आठवडाभरात अर्धी इमारत अळणी जेवायला लागली. काकूंनी तर सुनेला दागिने कुठे ठेवलेत ते दाखवून टाकलं.

शिमगा जवळ आला तसे भाऊ गप्प झाले. टीव्हीचा आवाजसुद्धा बंद करून बसायला लागले.

"अजून एकदा खांदा द्यायचा होता रे. पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय?" एवढंच म्हणाले.

मला ते ऐकवेना. म्हटलं, चला, ठाण्याला नौपाड्यात चांगल्या डॉक्टर आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. भाऊंनी अट घातली, "सूनबाई बरोबर पाहिजे. तू त्या डॉक्टरला बोलूच देणार नाहीस."

डॉक्टर प्राचीबाईंनी भाऊंना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं. बाही वर केली. मी इतिहास सांगायला लागलो.

"पाच मिनिटं ते गप्प बसणार आहेत," बाई म्हणाल्या, "आणि तुम्हीही."

मोजलं, पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस! ईसीजीही काढला.

"ठीक आहे सगळं. सावकाश चढा, पाणी पीत राहा, आणि द्या खांदा. घरात कुणाला बीपी?"

"आमच्याकडे नाही कुणाला," भाऊ खुशीत म्हणाले. "हिच्या आईला होतं. त्यातच अर्धांगवायू झाला बिचारीला."

"मग तुमचं कधी बघितलंय?" बाईंनी संचिताला विचारलं.

संचिताने नकारार्थी मान हलवली. बाईंनी तिला तसंच बसवलं आणि मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं, थोडं थांबून परत मोजलं. एकशे अडुसष्ट, खालचं एकशे चार.

"शक्यच नाही! मशीन बघा तुमचं! अहो, ती चिडतसुद्धा नाही!" मी म्हणालो.

"चिडण्यावर नसतं हे. आईला होतं, वय चाळिशीचं. झोप किती होते?"

"पहाटे उठते. डबे असतात ना," संचिता म्हणाली. "आणि भाऊंचं मीठ बंद झालं, तेव्हा लोणचं-पापड वाया कशाला घालवायचे, म्हणून मीच संपवत होते."

"चार दिवसांच्या पापडांनी एवढं चढत नाही. बऱ्याच दिवसांचं असणार. दुखत-खुपत काही नाही, म्हणून कळत नाही. पण घरात मशीन आहे म्हणता, मग कधीच नाही मोजलं?"

"त्या वेळी मी चहा करत असते," संचिता म्हणाली.

मला सासूबाईंचा लुळा पडलेला हात आठवला. इमारतीतल्या एकेका माणसाचा दंड मी धरला होता. हिचा तेवढा राहिला होता!

भाऊ गावी गेले. "दिला रे खांदा! सूनबाई गोळी घेते ना?" असा त्यांचा फोनही आला.

इथे मला रोज संचिताचं बीपी मोजायचं काम. त्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, असं बाईंनी बजावलेलं. पण बसायची सवय कुठाय तिला! पहिल्या दिवशी गवार मोडायला घेऊनच बसली. म्हटलं, हात रिकामे हवेत.

"मग कुकर तुम्ही बंद करा," ती म्हणाली.

मी ऐटीत स्वयंपाकघरात गेलो. किती शिट्ट्या, ते विचारायला परत आलो, तर तिने डोळे मिटलेले. उठवावंसं वाटेना. त्या दिवशी भाताची पेज झाली. वाटीत वाढून घेतली आणि मुकाट्याने खाल्ली!