लहान तोंडी मोठा दात

साहेब, माझ्या भाचीचा दात तुम्ही मारलात. झोपाळ्याने तो नुसता पाडला होता.

पडला तेव्हा तो चांगला जिवंत होता. वरचा, समोरचा, कायमचा. म्हणजे पुन्हा न येणारा. ताई रडत बसली नाही. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी तिला पाठ होती : 'कायमचा दात पडल्यास मुळाला हात लावू नये, घासू नये, दुधात ठेवून अर्ध्या तासात आणावा.' तिने तंतोतंत तेच केलं. आज्ञाधारक माणसाचं वाटोळं कसं होतं, ते आता ऐका.

फाटकावर पहारेकऱ्याने पेल्यात डोकावून पाहिलं.

"दूध नेता येणार नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ बंद आहेत."

"अहो, त्यात दात आहे!" मी म्हणालो.

"दाताला मी कुठं अडवतोय?"

"तुमच्याच पाटीवर लिहिलंय, दुधात आणा."

"आणा लिहिलंय. आत आणा, असं कुठं लिहिलंय?"

दूध कुंडीत गेलं. रक्ताळलेल्या रुमालाआडून भाची म्हणाली, "आई, तू तोंडात धर ना. तुझं तोंड काही खाद्यपदार्थ नाही." पोरगी आठ वर्षांची, पण त्या आवारात बोललं गेलेलं शेवटचं शहाणं वाक्य तिचंच. थुंकीतही दात थोडा वेळ तगतो. ताईने तो गालात धरला आणि तिची बोलती बंद झाली.

बालविभागातल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त दुधाचे दात. कायमचे दात मोठ्यांकडे."

मोठ्यांच्या विभागातला कारकून म्हणाला, "वय आठ? आमच्याकडे रुग्ण मोठा लागतो."

"मग हिने करायचं काय?"

"मोठं व्हायचं."

ताई गालाकडे बोट दाखवत जोरात हुंकारली. कारकुनाचा चेहरा खुलला. "दात या बाईंच्या तोंडात आहे होय! मग आधी नाही का सांगायचं? बाई मोठ्या, दात मोठा. बसा रांगेत."

रांगेत आमच्यापुढे एक गृहस्थ होते. फोटो काढायचा म्हणून दात पांढरे करून घ्यायला आलेले. मी हात जोडले. "काका, पोरीचा दात मरतोय हो. पुढे जाऊ द्या."

"घाई सगळ्यांनाच असते," ते म्हणाले. मागच्यांनी माना डोलावल्या. पोरीकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर सरकावं लागलं असतं.

आमची पाळी आली तेव्हा अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. भाचीला दाराबाहेर थांबवलं. रुग्णासोबतच्या लहान मुलांना आत मनाई. डॉक्टरांनी ताईला आ करायला लावलं, टॉर्च मारला आणि शेरा दिला, "सर्व दात तोंडातच आहेत. एक जास्तच आहे. उपचाराची गरज नाही."

तुमच्या खात्यात ती केस पूर्ण बरी झाली, साहेब. इकडे दात डबीत आहे, आणि भाची हसताना तोंडावर हात धरते.

तुम्ही उत्तर देणार नाही. तुमचा विभाग वेगळा असेल. म्हणून हे वाचणाऱ्यांना विचारतो. त्या रांगेत तुम्हीही होतात. तुमचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. मग तोंड का उघडलं नाहीत? बोला.