देवापुढच्या दोन पुड्या

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात अंबुजाला जागा मिळाल्याचं पत्र आलं आणि हनुमंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आनंद झाला नाही असं नाही. झाला, पण कॉफीचा पेला ओठांपर्यंत जाईस्तोवरच टिकला. कारण स्वयंपाकघराच्या दारात नागलक्ष्मीबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात उलथनं होतं.

"तुम्ही काय म्हणालां होतां?"

"मी?"

"तुम्हीच! अर्ज धाडला तेव्हां. 'जागा मिळत नाही गं, उगाच पोरीची समजूत' ऐसें कोण म्हणालं होतं?"

म्हणाले होते खरे, आणि तिथेच तर पंचाईत होती. कुंभकोणमच्या मराठी गल्लीत कोणाच्या मुलाला कुठे जागा मिळेल हे सांगावं तर हनुमंतरावांनी. तालुका कचेरीतली हेडक्लार्की पोटापुरती. जीव सगळा ह्या धंद्यात. रविवारी ते ओट्यावर बसले की दारासुरमहून रेशीमवाले यायचे, तिरुनीलक्कुडीहून शेतकरी यायचे, आणि आपापल्या दिवट्यांचे मार्क सांगायचे. हनुमंतराव पान जुळवत ऐकायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. नियम एकच. "अर्ज तीन करा. एक आकाशाला, एक झाडाला, एक जमिनीला. आकाश मिळत नाही, झाड मिळालं तर मिळालं, आणि जमीन कोठें पळून जात नाही."

मद्रास म्हणजे आकाश. तिरुची म्हणजे झाड. आणि कावेरीच्या पलीकडचं गावातलं कॉलेज म्हणजे जमीन. तिथून दुपारी घरी येऊन गरम भात जेवता येतो. एवढी वर्षं ह्या माणसाचा अंदाज चुकला नव्हता. चुकला तो नेमका पोटच्या पोरीच्या बाबतीत! झाडाकडून अजून काही उत्तर नव्हतं, जमीन तर आधीच मिळाली होती, आणि आता आकाश सरळ घरात येऊन बसलं होतं.

अंबुजाचं तर पाऊल जमिनीवर नव्हतं. इंटरमीजिएटला असताना बेडूक कापून आली, त्या दिवशी आईनं तिला दोनदा अंघोळ घातली होती. पण पोरीचा चेहरा असा उजळला होता की सांगून सोय नाही. तेव्हापासून तिला एकच ध्यास. मद्रासहून कोणी पाहुणा आला की ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे, आणि प्रश्न सुरू. हॉस्टेलच्या खिडकीतून समुद्र दिसतो का? मुलींना रात्री उशिरापर्यंत वाचू देतात का? पाहुणा बिचारा केळी घ्यायला आलेला असायचा, त्याला काय ठाऊक?

गंमत म्हणजे ह्या प्रश्नांची उत्तरं ऐकायला हनुमंतरावही कान टवकारून बसायचे. त्यांनाही एके काळी मद्रासला शिकायचं होतं. पण वडिलांनी आकाशाला अर्जच करू दिला नाही. जमीन मिळाली, ती धरून बसले. लोकांच्या मुलांना आकाशाचे अर्ज लिहून देण्यात त्यांचा जन्म चालला होता.

आठ दिवस घरात नुसती धुसफुस झाली. "पोर एकुलती एक," नागलक्ष्मीबाई म्हणायच्या. "गांवांत कॉलेज असतां पोरीस समुद्राशेजारी नेऊन टाकायचं? तिला रस्समसुद्धां आंबट चालत नाही. कोण बघणार?" आणि पदर डोळ्यांना. हनुमंतरावांचं कचेरीत सगळे ऐकत. घरात त्यांचं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी तोड काढली.

"आपण कोण ठरवणार? विठ्ठलालाच विचारूं. फुलं बांधूं."

गावात ही रीत जुनी. लग्न असो, घर असो, मन दोन्हींकडे ओढ घ्यायला लागलं की फुलं बांधायची. एक पांढरं, एक लाल. केळीच्या पानाच्या सारख्या दोन पुड्या करून देवाच्या पायाशी ठेवायच्या, आणि तिऱ्हाइतानं डोळे मिटून एक उचलायची. जे फूल निघेल तो देवाचा हुकूम. त्यावर अपील नाही. ठरलं. पांढरं निघालं तर मद्रास, लाल निघालं तर गावातलं कॉलेज. शुक्रवारी सकाळी हनुमंतरावांनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परसातली तगर एका पानात बांधली, तांबडी कण्हेर दुसऱ्या पानात बांधली आणि दोन्ही पुड्या देवघरात विठ्ठलापुढे ठेवल्या. मठातले राजगोपालबुवा संध्याकाळी भजन आटोपून येणार आणि उचलणार.

इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण कचेरीच्या वाटेवर हनुमंतरावांना दरदरून घाम फुटला. दोन पुड्या, त्यांतली एक. म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता! परक्याच्या ढ पोरालासुद्धा त्यांनी कधी निम्म्या शक्यतेवर सोडलं नव्हतं. आणि स्वतःच्या मुलीला सोडायचं? तसेच माघारी फिरले. "चष्मा विसरलों गं," असं डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात घालत ओरडले, आणि देवघरात शिरले. कण्हेरीची पुडी सोडली, कण्हेर खिशात टाकली, तिच्या जागी तगर घातली आणि पुडी पुन्हा बांधली. आता आकाशही मद्रास आणि जमीनही मद्रास.

"विठ्ठला, अविश्वास नव्हे हो," ते हात जोडून म्हणाले. "नुसती खबरदारी."

नागलक्ष्मीबाई काही वाईट बाई नव्हत्या. पण दुपारी भांडी घासून झाल्यावर घर शांत झालं, आणि ही शांतता आता रोजचीच होणार असं त्यांच्या मनात आलं. सकाळी वेणी कोणाची घालायची? दही कोणासाठी लपवून ठेवायचं? त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि हाताला लागली ती पुडी सोडली. आत तगर!

"नेमकी हीच हाताला दिलीस रे बाबा!" त्यांनी विठ्ठलाची अलाबला घेतली. परसातून कण्हेर आणली, तगरीच्या जागी बांधली. दुसऱ्या पुडीत कण्हेर आहेच, ती कशाला उघडा? दोन्ही लाल झाल्या. बाई निर्धास्त मनानं सांबारासाठी चिंच भिजत घालायला गेल्या.

म्हणजे बघा कशी मजा झाली! नवऱ्यानं एकदा लबाडी केली, बायकोनं एकदा केली, आणि देवाचं काम पुन्हा होतं तिथे आलं. एक लाल, एक पांढरं. फक्त हे एका विठ्ठलाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

राहता राहिली अंबुजा. तिन्हीसांजेला दिवा लावायला ती देवघरात गेली. समोर पुड्या. हात पुढे गेला, आणि तिनं तो मागे घेतला. "मला जायचंय रे," ती विठ्ठलाला म्हणाली. "फार जायचंय. पण तूं बोल." आणि वात सारखी करून बाहेर आली.

राजगोपालबुवा आले, पाय धुऊन पाटावर बसले, डोळे मिटून त्यांनी एक पुडी उचलली आणि सावकाश सोडली. आत लालभडक कण्हेर.

हनुमंतरावांचा चेहरा तगरीसारखा पांढराफटक पडला. दोन्ही पुड्यांत आपण आपल्या हातानं पांढरं बांधलं, आणि निघालं लाल? त्यांनी धाडकन साष्टांग लोटांगण घातलं. पायाचा धक्का लागून पाण्याचा तांब्या खोलीभर गडगडत गेला.

"अंबुजा, जाऊं नकोस! साक्षात् बोलला तो! चुकलों रे देवा, चुकलों!"

"अहो हनुमंतराव," बुवा गडबडले, "दोहोंतलं एक निघायचंच. त्यांत साक्षात् काय?"

"तुम्हांस नाही कळायचं बुवा! तुम्हांस नाही कळायचं!"

नागलक्ष्मीबाई जिंकल्या होत्या. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी अंबुजाकडे पाहिलं. वाटलं, पोर आता रडेल, भांडेल, आदळआपट करील. मग आपण तिला जवळ घेऊ, समजूत काढू. पण अंबुजा रडली नाही. तिनं तांब्या उचलला, सांडलेलं पाणी पुसलं आणि म्हणाली, "शरि, अप्पा. बरं तर. आई, रात्रीच्या भाजीस दोडकीं चिरूं का?"

आता ह्यावर कोणती आई गप्प बसेल?

"थांबा!" बाई एकदम ओरडल्या. "देव कांहीं बोलला नाही. मीच बोलले! दुपारीं मीच पुडी सोडली आणि पांढरं काढून लाल घातलं. हिनं जाऊं नये म्हणून. पापीण आहें मी! ती दुसरी उघडा बुवा, तीही लालच आहे बघा!"

बुवांनी दुसरी पुडी उघडली. आत टवटवीत पांढरी तगर.

नागलक्ष्मीबाईंनी ते पान उलटसुलट करून पाहिलं. "अय्यो... हिच्यांत तर लाल होतं. सकाळीं ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत बांधलं. मी हिला हातसुद्धां लावला नाही. बुवा, ह्याचं पांढरं कोणी केलं?"

बुवांनी विठ्ठलाकडे पाहिलं आणि ते हात जोडून उभे राहिले. जन्मभर फुलं बांधली, पण असं काही त्यांच्याही पाहण्यात नव्हतं.

हनुमंतरावांनी पडल्या पडल्या मान वर केली. माणूस अंदाजाचा पक्का. कोणी काय केलं ते त्यांच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनी अंबुजाला घट्ट पोटाशी धरलं आणि त्या हुंदके देत म्हणाल्या, "जा गं माझे बाई, जा. मी खोटं केलं तें त्यानं खरं केलं. तोच धाडतो म्हणतो, तर अडवणारी मी कोण?"

हनुमंतरावांनी तोंड मिटलं आणि कपाळ पुन्हा जमिनीला टेकलं. बराच वेळ ते उठलेच नाहीत. बघणाऱ्याला वाटलं, केवढी भक्ती!

जूनच्या अखेरीला मद्रासच्या गाडीत अंबुजाची ट्रंक चढली. आठ दिवस डोळ्यांना पदर लावणाऱ्या नागलक्ष्मीबाई फलाटावर कशा शांत उभ्या होत्या! कुरड्यांचा डबा दिला, डांगराचं पीठ दिलं, जावळावरून हात फिरवावा तसा केसांवरून हात फिरवला. डोळ्यांत एक टिपूस नाही. शेजारच्या डब्यातल्या अनोळखी बायकांनाही त्या फुलांची गोष्ट सांगून आल्या. शिट्टी झाली आणि गाडी हलली. अंबुजा खिडकीतून वाकली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवत नव्हता, इतका होता. हनुमंतराव खिडकीचा गज धरून धोतर सावरत चालू लागले, मग पळू लागले, आणि फलाट संपला तिथे गज सुटला. समोर रूळ होते. आयुष्यभर ज्या गावाला जायचं होतं तिकडे गाडी निघाली होती, आणि त्यांना मात्र ती माघारी यायला हवी होती. ते तिथेच उभे राहून लहान मुलासारखे रडू लागले.

नागलक्ष्मीबाई मागून सावकाश आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो, रडतां कशास? आपण का तिला धाडलं? देवानं धाडलं. तो बघून घेईल."

आणि तो आधार तेवढा हनुमंतरावांना नव्हता. तिला कोणी धाडलं, ते त्यांना ठाऊक होतं.